धाकटीच्या अंगावर काही उठत नाही

ताईनं केस वर बांधायला दोन्ही हात मागे नेले, मान जराशी वाकवली, आणि धाकटीचा घास तोंडातच राहिला. तीन ठिपके. लालभडक, फुगलेले, मानेवर एका ओळीत, कुणी पट्टी ठेवून काढावेत तसे. पहिल्या-दुसऱ्यात जेवढं अंतर तेवढंच दुसऱ्या-तिसऱ्यात. डास असा चावत नाही. डास म्हणजे येडं जनावर, एक इथं, एक तिथं, एक थेट डोळ्यावर, कशाचा कशाला पत्ता नाही. हे काम शिस्तीचं होतं. टाके घालत गेल्यासारखं, आणि टाक्यांतलं धाकटीला कळायचं. तिनं पाव चहात बुडवला, बुडवूनच ठेवला, त्याचा लगदा होऊन तो तळाला गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. पोटात कुठूनतरी एक गारेगार, गोड लाट वर आली. ढेकूण. घरात ढेकूण आहेत. आणि ते ताईला चावलेत.

"आई, बघ ना गं मागे काय झालंय. कालपासून नुसतं खाजतंय."

आईनं गॅस बंद केला. दूध वर येत होतं तरी बंद केला, धाकटीनं तेही बघितलं. "पित्त उठलंय," आई म्हणाली. "सांगत होते, इतकी जागरणं करू नकोस. डोक्याला ताप दिला की तो कुठून ना कुठून बाहेर पडणारच." मग कपाटातलं गुलाबी लोशन आलं, कापूस आला. आईनं एका हातानं ताईचे केस वर उचलून धरले आणि दुसऱ्या हातानं तीन ठिपक्यांवर तीन गुलाबी टिकल्या लावल्या, मग फुंकरही मारली. फुंकर! बावीस वर्षांच्या घोडीला! "खाजवू नकोस हं. डाग राहतात. शनिवारी त्या लोकांसमोर बसायचंय तुला."

शनिवार म्हणजे ताईची मुलाखत. दोन हजार अर्ज गेले होते, त्यातल्या अठरा जणांना बोलावलं होतं, आणि हा आकडा आई शेजारी, नातेवाइकांना, दूधवाल्यालाही सांगून मोकळी झाली होती. फोनवर बाबांना तर रोज सांगायची, जसं काही ते तिकडे नोकरीच्या गावी बसून काल सतरा झाले की काय म्हणून काळजीत असतील. धाकटीला एका शब्दात सगळं सांगता आलं असतं. आई, पित्त नाही, ढेकूण आहेत. जिभेच्या टोकावर होतं. तिनं जीभ चहात भाजून घेतली आणि गप्प बसली. पिकू दे, तिनं मनात म्हटलं. अजून दोन-चार ओळी उठू देत. मग दाखवते आईला तिच्या लाडकीनं हॉस्टेलातून काय डिग्री आणलीय ती.

कुशनवाल्या काकांच्या दुकानात ती हे शिकली होती. दोन वर्षं झाली. जुने सोफे, आरामखुर्च्या, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, बंद पडलेल्या थिएटरातल्या सीट, काहीही यायचं, आणि काकांचा एकच नियम होता. वस्तू आधी बाहेर उलटी करायची, शिवणीतून कार्ड फिरवायचं, मगच उंबऱ्याच्या आत. कार्ड म्हणजे कुठलंतरी मुदत संपलेलं प्लास्टिकचं कार्ड. ते शिवणीच्या घडीत घालून हळूहळू ओढत न्यायचं, जसं मासेवाली सुरी फिरवते तसं. "माणूस खोटं बोलेल, शिवण नाही बोलणार," काका म्हणायचे. शिवणीत काळे ठिपके दिसले, शाई झिरपल्यासारखे, की ओलं फडकं लावायचं. तपकिरी फराटा उठला की समजायचं. चहाच्या रंगाची पातळ पातळ टरफलं सापडतात, ती त्यांची टाकलेली कातडी. आणि वास. चुरगाळून दोन दिवस विसरलेल्या कोथिंबिरीसारखा. सापडले तरी गिऱ्हाइकासमोर तो शब्द काढायचा नाही, ही दुकानाची रीत. काका नुसतं म्हणायचे, "साहेब, माल जरा तापवून घ्यावा लागेल." आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याची मान खाली जायची. धाकटीला ती मान खाली जाताना बघायला फार आवडायचं. मोठमोठी माणसं, घड्याळवाली, गाडीवाली, एका चपट्या किड्यापुढे चोरासारखी उभी. ठिपका हुडकायला तिची नजर इतकी बसली होती की वर्षभरात काकांनी तपासणी तिच्याकडेच सोपवली. "ठिणगे, तुझ्या डोळ्यातून देव पण निसटायचा नाही," म्हणाले होते. तिला ते ठिणगी म्हणायचे. घरी ती धाकटी. घरातल्या नावात ती कायम दुसरी, मोजून.

शाळेत तर ती तिसरीच होती, म्हणजे शेवटून. आणि शाळा म्हणजे आईचीच, आई तिथं ऑफिसात कारकून. वर वर्ग, खाली आई. ताई त्या जिन्यानं बक्षिसं घेऊन उतरायची, धाकटी तक्रारी घेऊन. शेवटच्या दिवशी गणिताच्या मास्तरांनी तिच्याकडे डस्टर फेकला, तिनं तो झेलला आणि परत फेकला. नेम चांगला होता, एवढाच काय तो गुन्हा. माफी माग म्हणाले. ती म्हणाली, आधी त्यांनी मागावी. झालं. दुसऱ्या आठवड्यात ती खिडकीसमोर रांगेत उभी होती, पुढे एक बाप नि त्याचं पोरगं, मागे आणखी कुणी, आणि खिडकीच्या आत आई तिचा शाळा सोडल्याचा दाखला लिहीत होती. आईचं अक्षर फार सुंदर. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, न विचारता, कारण त्या तारखेला तीही तिथं होतीच की. मग 'वर्तणूक' या शब्दापुढे पेन थांबलं. ताईच्या दाखल्यावर तिथं 'उत्तम' होतं, धाकटीनं बघितलेलं. पेन बराच वेळ थांबलं. मग आईनं लिहिलं, 'बरी'. शिक्का मारला, कागद खिडकीतून बाहेर सरकवला आणि वर न बघता म्हणाली, "पुढचा."

सवयीनंच म्हणाली असेल. दिवसभर तेच म्हणायची ती. पण धाकटीच्या कानातून तो शब्द काही केल्या जाईना. त्यानंतर आईनं तिला रागावणंच सोडलं. आधी रोज कानउघाडणी व्हायची, धपाटे बसायचे, आई तिच्या मागे लाटणं घेऊन घरभर फिरायची. ते सगळं थांबलं. लोकांना वाटलं, चला, पोरगी मार्गाला लागली. धाकटीला वाटलं, फाइल बंद झाली. आता संध्याकाळी ती दुकानातून यायची, हाताला डिंकाचा वास, केसात कापसाचे पुंजके, आणि आई म्हणायची, "जेवून घे." बस. जेवून घे, हे दोन शब्द. आणि मग दीड महिन्यापूर्वी ताई हॉस्टेल सोडून घरी आली, आणि धाकटीला कळलं की आईकडे शब्दांचा तुटवडा नव्हता मुळी. हिच्या वाट्याचे तेवढे संपले होते. आल्या आल्या खिडकीजवळचा पलंग ताईला मिळाला. इतकी वर्षं तो धाकटीचा होता. वर नवी गादी आली, प्लास्टिकसकट, आईनं स्वतः फाडलं ते प्लास्टिक. धाकटीला समोरच्या भिंतीला लागून घडीची खाट. "तुझं काय, तू कुठंही झोपतेस," आई म्हणाली. कौतुकानंच म्हणाली. दोनच दिवसांनी धाकटीनं दुकानातून जांभळ्या मखमलीची लांब बैठक आणून खाटेवर टाकली, वीतभर जाड, नव्या गादीच्या थोबाडीत मारेल अशी. ताई म्हणाली, "अय्या, किती मऊ!" आई म्हणाली, "जागा किती खाते ती." तेवढंच.

मंगळवारी ताईच्या दंडावर दुसरी ओळ उठली, चार ठिपक्यांची. बुधवारी पोटरीवर. धाकटी रोज सकाळी मोजायची, शेतात पीक किती वर आलं बघावं तसं. आईनं ताईचं अंडं बंद केलं, मग वांगं बंद केलं, मग साबण बदलला. सुट्टी टाकून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले ताणामुळे होतं असं, झोप घ्या. झोप! ताई दर अर्ध्या तासाला उठून कराकरा खाजवत होती, तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पुस्तकातली एकच ओळ ती तीनतीनदा वाचत होती, आणि चार हातांवर धाकटी भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. एकदा तिला वाटलं, पुरे आता, सांगून टाकावं. तेवढ्यात दार उघडलं, आई ओला रुमाल घेऊन आली आणि ताईच्या पायावर घड्या ठेवत बसली, गुणगुणत. गुणगुणत! धाकटी लहान असताना आई गुणगुणायची का, ते तिला आठवेना. आठवलं ते वेगळंच. दोघींना एकदम कांजिण्या आल्या होत्या. ताईच्या अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती, आणि हिला आल्या फक्त पाच. पाच! आई रात्रंदिवस ताईच्या उशाशी, आणि हिला म्हणे, "तू शहाणी, तुला काही त्रास नाही." शहाणीनं मग लाल पेन घेतलं आणि हातापायावर, पोटावर, जमेल तिथं ठिपके काढले. आईनं बघितलं आणि हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग ती गंमत दाखवायला ताईकडे गेली, आणि तिकडेच बसली.

आता तर पेनही नको होतं, खरे ढेकूण होते घरात, आणि तेही हिला विचारत नव्हते. हाच किडा तिच्या मनात वळवळायला लागला. एकाच खोलीत दोघी झोपतो. माझं रक्त काय पांचट आहे? अंघोळ करताना ती स्वतःला उलटसुलट बघायची, मानेवर आरसा धरायची, एक ठिपका, एक पुळी, काहीतरी. चामडं कसं कोरं करकरीत. ढेकणांनासुद्धा कळतं तर, गुणवंत कोण नि वाया गेलेलं कोण. हसू आलं तिला, आणि हसता हसता तिनं साबण असा भिंतीवर आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. "काय पडलं गं?" आई बाहेरून ओरडली. "ताई आहेस का आत?" "मी आहे," धाकटी म्हणाली. "बरं बरं," आई म्हणाली.

गुरुवारी दुकान बंद असायचं. आई अर्धी सुट्टी टाकून ताईला घेऊन बूट आणायला गेली, मुलाखतीला काळे, बंद, फार उंच नाहीत आणि अगदी सपाटही नाहीत असे, यावर दोन दिवस चर्चा चालली होती. दार लागलं. धाकटीनं पन्नास आकडे मोजले. मग कार्ड काढलं, ओलं फडकं घेतलं, मोबाइलची बॅटरी लावली. दुपारचं लख्ख ऊन खोलीत होतं तरी लावली, काम म्हणजे काम. आज पुरावा हातात घ्यायचा आणि त्या दोघी बुटांचा खोका घेऊन आत आल्या की समोर धरायचा. तिनं बोलायचं वाक्यसुद्धा ठरवलं होतं, काकांसारखं, अगदी थंड आवाजात. "आई, ताईचा माल जरा तापवून घ्यावा लागेल." मग आईची मान कशी खाली जाते ते बघायचं. की ताईची? दोघींची जाऊ दे.

आधी ताईची हॉस्टेलची बॅग. तिनं चेन उघडली, अस्तर बाहेर काढलं, कोपऱ्यांतून कार्ड ओढलं. काही नाही. खालची शिवण, चाकांजवळची घडी, आतला कप्पा. धूळसुद्धा नाही. ताईनं कपड्यांच्या घड्या अशा घातल्या होत्या की त्या मोडताना धाकटीला उगाच अपराध्यासारखं झालं, म्हणून मग तिला आणखी राग आला. पलंग ओढला. नवी गादी उभी केली, चारी कडांनी कार्ड फिरवलं. डोक्याकडच्या शिवणीत दोन ठिपके सापडले, पायाकडे एक टरफल. बस? एवढंच? इतक्या ओळी उठवणारी फौज, आणि मागे तीन खुणा? हे काही तिच्या हिशोबात बसेना. दुकानात ती अशा वेळी थांबायची आणि स्वतःला विचारायची की हे इथं राहतात का इथं जेवायला येतात. तिनं विचारलं. आणि उत्तर यायच्या आधीच तिची नजर पलंगाच्या पायाशी, भिंत नि फरशी मिळते तिथल्या फटीत गेली. एक काळा ठिपका. हातभर पुढे दुसरा. मग दोन जवळजवळ. दाराच्या चौकटीमागे तीन. बॅटरी धरून ती गुडघ्यांवर रांगत निघाली, ठिपक्यामागून ठिपका, आणि अर्ध्या वाटेवरच तिला कळलं होतं की ही वाट कुठं जाते, तरी ती रांगत राहिली, कारण नजर एकदा लागली की तिला मध्येच थांबता यायचं नाही. वाट समोरच्या भिंतीला गेली. खाटेपाशी. मखमलीपाशी.

ती बैठक एका बाईच्या दिवाणाची होती. अशी बाई की धाकटी आणि काका माल उचलायला गेले तेव्हा तिनं दोघांना दारात पायताणं काढायला लावली, आणि काढल्यावर पायांकडेही नापसंतीनं बघितलं. घरात फुलांचा वास, फरशीत तोंड दिसेल अशी चकाकी. बाईला मखमलीचा कंटाळा आला होता, चामडं हवं होतं. "ते जुनं टाकून द्या हो," म्हणाली. दिवाण दुकानाच्या दारात उतरवून काका लगेच दुसरीकडे माल पोचवायला गेले, तपासायचं काम हिचं. त्याच दिवशी एका कुटुंबाचा सोफाही आला होता, दोन खोल्यांत सात माणसं राहायची ती, सोफ्याच्या हातांवर तेलाचे डाग. त्या सोफ्यावर धाकटीनं अर्धा तास घालवला. दोनदा कार्ड फिरवलं, खालचं कापड उसवून बघितलं. लख्ख निघाला. सोफ्याची मालकीण मान ताठ करून बघत उभी होती, ते धाकटीला आता आठवलं. आणि दिवाणाला तिनं हातही लावला नाही. अशा घरात कुठले ढेकूण! मखमलीवरून नुसता गाल फिरवला आणि वाटलं, ही मी नेणार. नव्या गादीचं प्लास्टिक फाडायचा आवाज दोन दिवस तिच्या डोक्यात होता. बैठक डोक्यावर घेऊन ती भर रस्त्यातून चालत घरी आली होती, राणीसारखी.

तिनं बैठक उलटी केली. पाठीमागची गोट लावलेली शिवण बोटांनी ताणून उघडली. आणि तिथं होते ते सगळे. मोठे, चपटे, सफरचंदाच्या बीएवढे. बारके, काचेसारखे, आतून लाल दिसणारे. अंडी, टरफलं, काळ्याची अशी दाटी की मखमलीचा मूळ रंग दिसेना. उजेड पडताच सगळी शिवण हलली. वास आला तो, इतके दिवस कसा आला नाही? आला असेल. स्वतःच्या अंथरुणाला कुणी नाक लावून बघतं का? वरच्या बाजूला, जिथं तिची पाठ टेकायची, तिथं बारीक बारीक तपकिरी डाग होते, झोपेत कूस बदलताना चिरडलेल्यांचे. तिनं ओलं फडकं लावलं. फराटा लाल उठला. ते ताईचं रक्त नव्हतं. ताई तर त्या बैठकीवर कधी बसलीही नव्हती. धाकटी फडक्याकडे बघत राहिली. दुकानात काका एकदा म्हणाले होते आणि तिनं अर्ध्या कानानं ऐकलं होतं, की काही माणसांच्या अंगावर ह्यांचं काही उठतच नाही. चावतात सगळ्यांना सारखे, पण बोंबलतो तो फक्त ज्याच्या अंगावर उठतं तो. दीड महिना. रोज. आधी इथं पोटभर, मग भिंतीच्या कडेनं तिकडे चवीपुरतं. तिला हसावं की ओरडावं कळेना. इतका हेवा केला, आणि कशाचा? जे तिला ताईपेक्षा दसपट मिळत होतं त्याचा. मग हळूहळू, पाय सुन्न पडून परत जाग यावी तसं, दुसरं कळलं. ताईची झोप गेली ती हिच्यामुळे. शनिवारी ताई त्या लोकांसमोर लाल डोळ्यांनी, चोळामोळा होऊन बसेल ती हिच्यामुळे. सोमवारीच हिनं तोंड उघडलं असतं तर.

अजूनही काही बिघडलं नव्हतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून बैठक बाहेर नेऊन टाकायची, खाट उकळत्या पाण्यानं धुवायची, कुणाला पत्ता लागला नसता. ती उठलीही. आणि जिन्यावर आईचं हसणं ऐकू आलं, घेतलेला बूट लहान निघाला होता, बदलायला पुन्हा जावं लागणार होतं, आणि तरी आई हसत होती. धाकटी परत खाली बसली, उलटी बैठक मांडीशी, कार्ड हातात. कार्डावर एक जण फिरत होता.

"अगं बाई! हे काय मांडलंयस?" आई दारातच थांबली. मग पुढे येऊन वाकली. "हे काय आहे? शी! ढेकूण?"

"ढेकूण," धाकटी म्हणाली.

आईनं ताईकडे बघितलं, तिच्या दंडाकडे, मानेकडे. आईच्या चेहऱ्यावर सगळं जुळत गेलेलं धाकटीला दिसलं. "म्हणजे हे पित्त नव्हतंच! आणि मी मेली तुला वांगं बंद केलं! हॉस्टेलातून आले असणार. किती पोरी तिथं, कुणाचं काय नि कुणाचं काय."

धाकटी वाट बघत होती. इतक्या दिवसांचा तिचा आरोप आईनंच बोलून टाकला होता, आणि आईच्या आवाजात ना राग ना लाज. ताईनं मात्र ओढलेला पलंग बघितला, उलटी बैठक बघितली, शिवणीतली गर्दी बघितली, आणि मग धाकटीच्या तोंडाकडे बघितलं. हुशारच ती. दोन हजारांतून अठरात आलेली.

"हो," ताई म्हणाली. "माझ्याच बॅगेतून आले असतील. तिथं होते थोडे. मीच बोलले नाही."

"असू दे गं, त्यात काय एवढं," आई लगेच म्हणाली. "होतं असं. तू मुद्दाम का आणलेस? आता चादरी सगळ्या..."

ताईनं धाकटीला डोळ्यांनीच खुणावलं. गप बस, मी सांभाळते. आणि त्या खुणेनं धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हेही तिचंच? बक्षिसं तिची, खिडकी तिची, फुंकर तिची, आणि आता ही घाणही ती नेणार, हसत हसत, आणि तिला माफही होणार, एका मिनिटात, 'असू दे गं' म्हणून? डस्टर परत फेकणारीला कुणी असू दे म्हटलं नव्हतं.

"खोटं बोलू नकोस!" ती ओरडली. "तुझी बॅग मी बघितली, काही नाही तिच्यात. हे माझे आहेत!"

"अगं, राहू दे ना..."

"राहू दे काय? माझे आहेत म्हणते ना! मी आणले. डोक्यावर घेऊन आले. कार्ड फिरवलं नाही मी, आळस नाही, मस्ती. आणि सोमवारी तुझ्या मानेवर बघितलं तेव्हाच कळलं मला, तेव्हाच! बोलले नाही. मुद्दाम. तुला चावतायत म्हणून बरं वाटत होतं मला. आता म्हण असू दे. म्हण ना आई."

आई म्हणाली नाही. बुटांचा खोका तिच्या हातातच होता. ताई पलंगाच्या कडेवर बसली, आणि दंड खाजवायला गेलेला तिचा हात मध्येच थांबला. धाकटी आईच्या तोंडाकडे बघत होती. आता लाटणं येईल. येऊ दे. नाहीतर आई पाठ फिरवेल आणि म्हणेल, जेवून घे. त्याचीच तिला खरी भीती होती.

"दीड महिना तू ह्याच्यावर झोपतेयस?" आईनं विचारलं.

"हो."

"एवढ्यांवर?"

"हो. माझ्या अंगावर उठत नाही काही. असतं काहींचं तसं."

"असं कसं उठत नाही," आई म्हणाली, जसं ऑफिसात कुणी अर्धवट भरलेला फॉर्म पुढे केला की म्हणते. तिनं खोका खाली ठेवला, धाकटीचा हात मनगटाशी धरला, चांगला घट्ट, दुखेल इतका, आणि तिला उभी करून खिडकीशी, उजेडात नेलं. "दाखव."

आईनं हात उलटा केला, सुलटा केला. बोटं मनगटावरून कोपरापर्यंत सावकाश फिरत गेली, वीतभर, मग आणखी वीतभर. ठिपका शोधत होती ती. धाकटी छताकडे बघत उभी होती. तिला सांगायचं होतं की मिळणार नाही, मी आरसा धरून बघितलंय.

"हे काय?"

"ते ढेकूण नाही. वाकडी सुई. गोट शिवताना घुसते."

"आणि हे?"

"स्टेपल. खेचून काढताना उडाली."

"एवढी? टाका पडला असेल."

"दोन पडले."

"कधी?"

"ताईच्या कॉलेजच्या समारंभाला गेली होतीस तेव्हा. काकांनी नेलं दवाखान्यात."

आईनं हात आणखी उजेडात धरला. बोट त्या व्रणावर एकदा वर गेलं, एकदा खाली. मग पुढे, अंगठ्याच्या मुळाशी, पिवळ्या घट्ट्यापाशी. "हे?"

"दाभणाचं. ते जाणार नाही आता."

"आई," ताई मागून म्हणाली, "पाणी उकळायला ठेवू का? चादरी, कपडे, सगळंच... आणि माझं ते लोशन कुठं ठेवलंयस?"

"थांब गं," आई म्हणाली. मान वर न करता म्हणाली. "बघतेय ना मी."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली, तिनंच मोठं पातेलं काढलं, नळ सोडला. धाकटीला पाण्याचा आवाज येत होता. तिला ताईची लाज वाटत होती, कणव वाटत होती, आणि या दोन्हींच्या खाली, शिवणीत दडून बसावं तसं, अजूनही थोडं बरं वाटत होतं. त्याला ती काय करणार? आईचा हात गरम होता. तळव्यापर्यंत बघून झालं होतं आणि एकही ठिपका सापडला नव्हता, आणि आई आता हात सोडेल असं वाटून धाकटीनं श्वास धरला. दुसरा हात अजून बाकी होता.